खाऱ्या वाऱ्यात डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरची निगा व सफाई



शेतीच्या अवजारांइतकाच आता कॅमेराही बागायतदाराच्या कामाचा झाला आहे. पानावरील रोगाचा फोटो काढून तज्ज्ञांचा सल्ला घेणे, बागेची वर्षावर्षाची नोंद ठेवणे, मालाची जाहिरात करणे, कृषी पर्यटनाची माहितीपत्रके छापणे अशा अनेक कामांसाठी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील कित्येक घरांत आणि बचत गटांत भिंग बदलता येणारे चांगले कॅमेरे आलेले आहेत. मात्र अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या तालुक्यांतील हवा कॅमेऱ्याला मानवणारी नाही. वाऱ्याबरोबर मीठ येते, वाळू येते, आणि पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी चढते. या हवेत कॅमेऱ्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे सेन्सर. तो मळला तर फोटो बिघडतो आणि चुकीच्या पद्धतीने पुसला तर कॅमेराच बिघडतो. सेन्सर बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. म्हणून ही सफाई केव्हा करावी, कशी करावी आणि केव्हा हात लावू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

सेन्सर म्हणजे काय?

जुन्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असे, त्या जागी डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्यावर पडतो व त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर होते. या तंत्राचा पाया १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ यांनी घातला. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला.

सेन्सरचे दोन आकार आपल्याकडे अधिक आढळतात. मोठा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. लहान सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर लांब व १५.६ मिलिमीटर रुंद असतो, काही कंपन्यांचा त्याहून किंचित लहान असतो. लहान सेन्सरच्या लांबीत ६,००० टिपके म्हणजे पिक्सेल बसविलेले असतील, तर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ४ मायक्रॉन भरते. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाचा एक तुकडा आडवा पडला तरी तो रुंदीत सतरा-अठरा पिक्सेल झाकतो. यावरून बारीकशा कणानेही किती नुकसान होते ते ध्यानात येईल.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. आपण ज्याला 'सेन्सर पुसणे' म्हणतो त्यात प्रत्यक्ष सेन्सरला हात लागत नाही. सेन्सरच्या पुढे काचेची पातळ गाळणी बसविलेली असते व धूळ या काचेवर बसते. तरीही काचेवर नाजूक लेप असतो. त्यावर ओरखडा गेला तर तो भरून येत नाही.

मळ येतो कोठून?

भिंग काढले की कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते. आरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे निदान आरसा व पडदा असतो. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यात बहुधा सेन्सर थेट उघडा पडतो. आपल्या भागात पुढील प्रकारचा मळ आढळतो.

१. वाळू व लाल माती : वाळूतील गारेचे कण काचेपेक्षा कठीण असतात. असा कण काचेवर असताना फडके फिरविले तर ओरखडा निश्चित पडतो.

२. मीठ : समुद्राच्या तुषारांतून येणारे मिठाचे कण वाळूइतके कठीण नसतात, पण ते हवेतील ओलावा शोषतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच विरघळून त्याचा थेंब होतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता याहून अधिक असते. पुढे हवा कोरडी झाली की थेंब आटून डाग राहतो. असा डाग नुसत्या वाऱ्याने उडत नाही.

३. राख, तूस व काथ्या : उन्हाळ्यात राब भाजणीची राख, मळणीच्या वेळची तुसाची धूळ, नारळ सोलताना उडणारा भुसा हे सगळे हलके असल्याने दूरवर तरंगत येते.

४. परागकण : आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत जवळून फोटो काढताना परागकण आत जातात. ते चिकट असतात व पुसताना पसरतात.

५. तेलाचे शिंतोडे : हे बाहेरून येत नाहीत. कॅमेऱ्यातील पडद्याच्या यंत्रणेतील वंगणाचा बारीक थेंब काही वेळा काचेवर उडतो. त्याचा डाग गोल दिसतो, अनेकदा भोवती फिकट कडे असते.

आधी निदान, मग उपाय

रोग ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, असे आपण नेहमी सांगतो. तोच नियम येथेही आहे. फोटोत ठिपका दिसला म्हणजे सेन्सर मळला असे लगेच समजू नये.

भिंगाच्या पुढच्या काचेवरील धुळीचा ठळक ठिपका सहसा उमटत नाही. त्याने फोटो थोडा धुरकट होतो. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावून पाहताना कण दिसतो, पण फोटोत उमटत नाही, असे असेल तर तो कण आरशावर किंवा वरच्या पडद्यावर आहे. फोटोवर त्याचा परिणाम होत नाही. मात्र प्रत्येक फोटोत, भिंग बदलूनही, त्याच जागी तोच ठिपका दिसत असेल तर तो सेन्सरवरील मळ होय.

खात्रीसाठी पुढील चाचणी करावी.

१. भिंगाचे छिद्र शक्य तितके लहान, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ वर ठेवावे. आयएसओ १०० ठेवावा.
२. निरभ्र आकाशाकडे (सूर्याकडे नव्हे) किंवा पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा रोखावा. फोकस हाताने मुद्दाम बिघडवावा.
३. फोटो घेताना कॅमेरा थोडा हलवावा. त्यामुळे भिंतीवरचे डाग पुसट होतात व सेन्सरवरचे तेवढे स्थिर राहतात.
४. फोटो पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावा.

छिद्र लहान का ठेवावे? कंदिलाची ज्योत लहान असेल तर भिंतीवर हाताची सावली ठळक पडते. ढगाळ आकाशाच्या पसरट उजेडात तीच सावली पुसट होते. भिंगाचे छिद्र लहान असले की प्रकाश बारीक वाटेने येतो व धुळीची सावली ठळक पडते. छिद्र मोठे असले की सावली विरून जाते. यावरून दुसरी गोष्टही कळते. ठिपके फक्त एफ/२२ वरच दिसत असतील आणि आपले नेहमीचे काम एफ/८ च्या आत होत असेल, तर लगेच सफाईची गरज नाही.

ठिपक्याची जागा ओळखण्याची खूण अशी. भिंग चित्र उलटे पाडते. कॅमेऱ्याचे तोंड आपल्याकडे धरून आत पाहिले, तर फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारा ठिपका सेन्सरवर खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. वर-खाली उलटते, डावे-उजवे तेच राहते.

ठिपक्याने काय नुकसान होते?

सहलीच्या फोटोतील ठिपका कोणी मनावर घेत नाही. शेतीच्या फोटोत तसे नाही. आंब्याच्या पानाचा फोटो तज्ज्ञाकडे गेला व त्यात सेन्सरवरील धुळीचे दोन काळसर ठिपके असले, तर ते करप्याचे समजले जाण्याचा संभव असतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ दूरच्या गिऱ्हाईकाला फोटोतून दाखवायची असेल, तर शुभ्र सालीवरचा काळा ठिपका त्याला काळ्या बुरशीचा वाटेल आणि सौदा मोडेल.

नोंदीच्या फोटोंचे महत्त्व तर या किनाऱ्याने अनुभवले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळावर यायला पाच ते आठ वर्षे लागतात. अशा बागेत वादळापूर्वी किती झाडे होती, त्यांची वाढ कशी होती, हे दाखविणारा जुना फोटो बागायतदाराच्या हाती असणे फार मोलाचे असते. पुरावा म्हणून ठेवायच्या फोटोतील ठिपके संगणकावर खोडत बसू नये. फोटोत फेरफार केल्याची शंका येण्यास जागा राहते. फोटो मुळातच स्वच्छ निघावा हे उत्तम. त्यासाठी सेन्सर स्वच्छ हवा.

सफाईसाठी जागा व वेळ

नाजूक उपकरणाला जागा मानवावी लागते हे अलिबागकरांना नव्याने सांगायला नको. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली गेली आणि १९०४ पासून येथे नोंदी होत आहेत.

किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, तर रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. म्हणून सफाई सकाळी लवकर करावी. भिंग बदलण्याचे कामही शक्यतो तेव्हाच उरकावे. पंखा बंद करावा. खोली आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, ऐन वेळी झाडू मारू नये. स्नानगृहासारखी लहान, कोरडी झालेली व कमी सामानाची खोली चांगली. लोकरीचे कपडे घालू नयेत. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पावसाळ्यात ओली सफाई टाळावी. पाऊस सरल्यावर हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा तपासणी करणे योग्य.

सफाईच्या तीन पायऱ्या

ज्याप्रमाणे किडीवर आधी सौम्य उपाय व शेवटी औषध, त्याप्रमाणे येथेही पायरीपायरीने जावे. प्रत्येक पायरीनंतर वरील चाचणी पुन्हा घ्यावी. ठिपके गेले असतील तर तेथेच थांबावे.

पहिली पायरी : कॅमेऱ्याची स्वतःची सफाई. २००३ साली ऑलिंपस कंपनीच्या ई-१ या कॅमेऱ्यात काच अतिवेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय प्रथम आली. आता बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत ती असते. मेनूमधून ही सफाई दोन-तीन वेळा चालवावी. कोरडी धूळ याने बरीच जाते, मिठाचे डाग व तेल जात नाही.

दुसरी पायरी : रबरी फुग्याचा वारा.

१. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.
२. भिंग काढण्यापूर्वी कॅमेरा बंद करून त्याचे तोंड बाहेरून ब्लोअरने झटकावे.
३. भिंग काढून त्याच्या मागे लगेच टोपण लावावे.
४. मेनूतील 'सेन्सर सफाई' हा पर्याय निवडावा. आरशाच्या कॅमेऱ्यात त्यामुळे आरसा वर जाऊन पडदा उघडतो.
५. ब्लोअर आधी बाजूला चार-पाच वेळा दाबून त्यातील धूळ काढावी.
६. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून आठ-दहा वेळा जोराने वारा मारावा. सुटलेली धूळ खाली पडते. ब्लोअरचे टोक कॅमेऱ्याच्या कड्याच्या आत नेऊ नये.
७. कॅमेरा बंद करून भिंग लगेच बसवावे.

काही जण 'बल्ब' या सोयीने बटण दाबून धरून पडदा उघडा ठेवतात. तसे कदापि करू नये. बोट निसटले किंवा बॅटरी संपली तर पडदा आत असलेल्या वस्तूवर आपटतो व तुटतो. शिवाय त्या वेळी सेन्सर चालू असल्याने तो धूळही ओढतो.

तिसरी पायरी : ओली सफाई. दोन पायऱ्यांनंतरही डाग राहिले तरच ही करावी. दुसरी पायरी ताजी केल्याखेरीज तिसरीकडे जाऊ नये. वाळूचा कण राहून गेला तर तो पुसताना काच चिरतो.

१. आपल्या सेन्सरच्या मापाचे, बंद पाकिटातील स्वॅब घ्यावेत. मोठ्या सेन्सरला २४ मिलिमीटर व लहान सेन्सरला १६ मिलिमीटर रुंदीचे लागतात. त्यासोबत सेन्सरसाठीच बनविलेले द्रावण घ्यावे.
२. स्वॅबच्या कडेवर एक किंवा दोनच थेंब टाकून काही सेकंद थांबावे, म्हणजे द्रावण सारखे पसरते. थेंब गळेल इतके ओले करू नये.
३. स्वॅब किंचित तिरपा धरून सेन्सरच्या एका कडेला टेकवावा व हलक्या, एकसारख्या दाबाने दुसऱ्या कडेपर्यंत एकाच ओढीत न्यावा. मध्ये थांबू नये, मागे-पुढे घासू नये.
४. स्वॅब उलटून दुसऱ्या स्वच्छ बाजूने त्याच रीतीने परत आणावा.
५. वापरलेला स्वॅब टाकून द्यावा. तो धुऊन अथवा वाळवून पुन्हा वापरू नये.
६. द्रावण उडून गेल्यावर चाचणी घ्यावी. डाग राहिल्यास नवीन स्वॅबने आणखी एकदा करावे. दोन-तीन प्रयत्नांत न गेलेला डाग कारागिराकडे न्यावा.

काही नव्या कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरण्यासाठी सेन्सर हलता बसविलेला असतो. अशा कॅमेऱ्यात दाब फारच हलका ठेवावा व कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली रीत पाळावी.

ही द्रावणे पुष्कळदा मिथेनॉलसारख्या अल्कोहोलची असतात. ती ज्वालाग्राही व विषारी आहेत. कीटकनाशकाच्या बाटलीप्रमाणेच त्यावरील लेबल वाचावे, चूल, गॅस व देव्हाऱ्यातील दिवा यांपासून दूर काम करावे आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

हे करू नये

१. तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचे बारीक तुषार काचेवर बसतात.
२. पंक्चरच्या दुकानातील किंवा फवारणी पंपाच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्यात तेल व पाणी असते आणि दाबही फार असतो.
३. डब्यातील दाबाच्या वायूचा फवारा मारू नये. त्यातून अतिथंड द्रव उडून डाग पडतात.
४. कानातील मळ काढण्याची कापसाची काडी, रुमाल, साडीचा पदर, चष्म्याचे फडके वापरू नये.
५. पाणी, घरगुती काचसफाईचे द्रावण, जखमेचे स्पिरिट वापरू नये.
६. कॅमेरा सुकविण्यासाठी तांदळाच्या डब्यात ठेवू नये. तांदळाची पिठूळ धूळ आत जाते.

मोबाईल, ड्रोन व बंद भिंगाचे कॅमेरे

या कॅमेऱ्यांत भिंग निघत नाही व सेन्सर आत बंद असतो. फोटो धुरकट आला तर दोष बहुधा बाहेरच्या काचेचा असतो. आधी ब्लोअरने वाळू उडवावी, मग भिंगासाठीच्या मऊ कापडाने हलके पुसावे. आत कण दिसत असला तरी स्क्रू उघडू नयेत. किनाऱ्यावर ड्रोन उडविल्यास तो वाळूवर न उतरविता ताडपत्रीवर उतरवावा.

कारागिराकडे केव्हा जावे?

कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडला तर तो चालू करून पाहू नये. बॅटरी लगेच काढावी व कॅमेरा त्वरित सर्व्हिस सेंटरला न्यावा. मीठ आतील तारा व सांधे लवकर खाते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू भिंगात दिसले तर ती बुरशी आहे. तिच्या स्रावाने काचेवरील लेप खराब होतो. भिंगाच्या आतील किंवा सेन्सरच्या काचांमधील बुरशी घरी निघत नाही. हमीची मुदत चालू असल्यास तिसऱ्या पायरीपूर्वी हमीपत्रातील अटी वाचाव्यात.

मळ येऊच नये म्हणून

सफाईपेक्षा निगा स्वस्त पडते. पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१. वेळेवर भिंग बदलताना वाऱ्याकडे पाठ करावी, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे व दुसरे भिंग आधीच तयार ठेवावे. पुळणीवर, मळणीच्या खळ्यावर व राब जळत असताना भिंग बदलू नये.
२. भिंगाचे मागचे टोपण व कॅमेऱ्याचे टोपण स्वच्छ ठेवावे. सेन्सरवरील पुष्कळशी धूळ टोपणातूनच येते.
३. किनाऱ्यावरून आल्यावर कॅमेरा बाहेरून किंचित ओलसर फडक्याने व नंतर कोरड्या फडक्याने पुसावा.
४. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत काढल्यास कॅमेऱ्यावर दव धरते. तो बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून बाहेर आणावा व अर्ध्या तासाने उघडावा.
५. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा कायम ठेवू नये, चामड्यावर बुरशी लवकर येते. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. डब्यात लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून नारिंगी जेल घ्यावे. कोणतेही जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये.
६. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून चालवावा. वर्षभर डब्यात पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लवकर धरते.

गटाचा सामाईक कॅमेरा असल्यास एक वही ठेवावी. कोणी नेला, कोठे वापरला, केव्हा चाचणी घेतली आणि ठिपके कोठे दिसले याची नोंद करावी. चाचणीचा फोटो तारखेसह जपून ठेवावा. पुढल्या वेळी दोन्ही फोटो शेजारी ठेवले की मळ नवा की जुना ते कळते. सफाईचे काम गटातील एकाच शांत हाताच्या व्यक्तीकडे द्यावे.

बागायतदारांनी येत्या कोरड्या हंगामात प्रथम एफ/२२ ची चाचणी तेवढी करून पाहावी. तिला खर्च काहीच नाही. पुष्कळांना ब्लोअरच्या पुढे जाण्याची गरजच पडणार नाही. ज्यांना पडेल त्यांनी वरील क्रम न मोडता, घाई न करता काम करावे. म्हणजे फोटोत जो डाग दिसेल तो पानावरचाच आहे, याची फोटो पाठविणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही खात्री राहील.